भाव रोज बदलतो, पत्ता नाही

प्रश्न : पिंपळगाव बसवंतजवळ आमची भाजीपाल्याची रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, ढोबळी, कोबी, फ्लॉवर, झेंडू अशी रोपे ट्रेमध्ये तयार करून देतो. दिंडोरी, चांदवड, कळवणपर्यंत गाड्या जातात. बुकिंगची वही आणि फोन मीच सांभाळते. हंगामात दिवसाला ८०-९० फोन येतात आणि त्यातले निम्मे एवढेच विचारतात, "टोमॅटोचं रोप कधी मिळेल आणि काय भाव?" म्हणून वेबसाइट करायची ठरवली. नाशिकच्या एकाने स्टॅटिक साइटचे १२,००० सांगितले, पुढे प्रत्येक बदलाचे ३०० रुपये. दुसरा डायनॅमिक साइट देतो म्हणतो, स्वतःच्या ॲडमिन पॅनेलसह (मजकूर आपणच बदलायची सोय) ४५,००० आणि दुसऱ्या वर्षापासून ९,००० देखभाल, शिवाय साइटच्या सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्राचे, म्हणजे एसएसएलचे, २,००० वेगळे. भाचा म्हणतो, "मामी, साइट बनवायचं वर्डप्रेस सॉफ्टवेअर फुकट आहे, मीच करून देतो." यजमानांना साइटवर लासलगावचे कांद्याचे भाव लाइव्ह हवे आहेत. पाच वर्षांपूर्वी एकदा साइट केली होती. करणाऱ्याने पुढे फोन उचलला नाही, आणि आता ते नाव टाकले की जुगाराच्या जाहिराती उघडतात. पावती पुस्तके आणि पिशव्या खरिपाच्या आधी छापायच्या आहेत. नेमके काय घ्यावे?

– एक भगिनी, पिंपळगाव बसवंत

उत्तर : ताई, दोन्ही कोटेशने जरा बाजूला ठेवा आणि बुकिंगची वही उघडा. तिच्यात रोज खोडाखोड होते ते रकाने कोणते? पेरणी झाली का, माल कधी निघणार, शिल्लक किती, भाव काय. चारच. रोपवाटिकेचा पत्ता, फोन, कोणती पिके करता, ट्रे किती कप्प्यांचा, रोप नेल्यावर काय काळजी घ्यायची, हे वहीत एकदाही बदलत नाही. साइट आहे तीही या वहीसारखीच. चार रकान्यांसाठी सगळी साइट डायनॅमिक करणे म्हणजे एका ट्रेला पाणी द्यायला अख्ख्या शेडनेटचे फॉगर चालू करणे. आणि त्या चार रकान्यांसाठी दर खेपेला नाशिकच्या माणसाला फोन करून ३०० रुपये देणे म्हणजे पाणी द्यायला रोज गावाहून माणूस बोलावणे.

शब्दांचा अर्थ आधी उरकून घेऊ. स्टॅटिक साइट म्हणजे छापून ठेवलेले पत्रक. पान तयार असते, कोणी मागितले की सर्व्हर, म्हणजे साइट ठेवलेला संगणक, ती फाइल जशीच्या तशी देतो. डायनॅमिक साइटवर पान तयार नसते. मागणी आली की सर्व्हरवरचा प्रोग्राम, बहुधा पीएचपी या भाषेतला, डेटाबेसला म्हणजे माहितीच्या साठ्याला विचारतो, उत्तर साच्यात भरतो आणि तेव्हाच्या तेव्हा पान बनवून पाठवतो. पहिल्यात बिघडायला फारसे काही नाही. दुसऱ्यात प्रोग्राम, डेटाबेस, थीम (साइटचे रूप), प्लगइन (वरून जोडलेल्या सोयी) असे चार-पाच भाग, आणि प्रत्येकाला वेळेवर अपडेट लागते. तुमचे गिऱ्हाईक चांदवडकडच्या बांधावर उभे राहून, नेटवर्कच्या एका काडीवर साइट उघडणार आहे. त्याच्यासाठी हलके, तयार पान केव्हाही बरे.

आता हिशेब. हंगाम धरून आठवड्याला दोन बदल म्हटले तर वर्षाचे १०४ होतात. ३०० रुपयांप्रमाणे ३१,२००. तीन वर्षांत ९३,६०० आणि मूळचे १२,००० धरून १,०५,६००. डायनॅमिकवाल्याचे तीन वर्षांत ४५,००० अधिक दोन वर्षांची देखभाल १८,००० म्हणजे ६३,०००, एसएसएल सोडून. म्हणजे 'स्वस्त' साइट ४२,६०० रुपयांनी महाग पडते. प्रत्यक्षात तेही होत नाही म्हणा. दोन-तीनदा ३०० दिले की हात आखडतो, आणि जूनमध्ये टाकलेला भाव दिवाळीपर्यंत तसाच राहतो. मग फोन वाढतात. "साइटवर तर एक रुपया दहा पैसे लिहिलंय", हा वाद वर.

तुम्हाला आमचा सल्ला असा : साइट स्टॅटिकच घ्या, पण बदलणारे चार रकाने गूगल शीटमध्ये ठेवा आणि साइटच्या एका पानावर ती शीट वाचून तक्ता दाखवायला सांगा. पहिल्या माणसाला हे नीट समजावून एकरकमी वाढीव पैसे विचारा. जावास्क्रिप्ट ही वेबपानांची भाषा येणाऱ्याला हे एका दिवसाचे काम आहे. त्यानंतर भाव तुम्ही फोनवरूनच बदलाल, ३०० रुपये द्यायचे कारण उरणार नाही.

शीट कशी असावी ते तपशिलात सांगतो, कारण सगळे तिथेच अडते. रोपवाटिकेच्या नावाने वेगळे जीमेल खाते काढा, त्याला दुहेरी पडताळणी लावा, आणि शीट त्याच खात्यात ठेवा. भाच्याच्या नाही, साइटवाल्याच्या तर नाहीच. एका ओळीत एक बॅच. रकाने असे : पीक, वाण, पेरणीची तारीख, दिवस, तयार तारीख, शिल्लक, भाव. टोमॅटो २ जूनला पेरला, दिवस २५, तर तयार तारीख २७ जून. मिरची त्याच दिवशी पेरली आणि ४० दिवस धरले तर १२ जुलै. तयार तारखेच्या रकान्यात 'पेरणी अधिक दिवस' एवढेच सूत्र घाला, म्हणजे बोटांवर मोजावे लागणार नाही. थंडीत उगवण सावकाश होते, तेव्हा फक्त दिवसांचा आकडा वाढवायचा.

शिल्लकमध्ये आकडा लिहू नका. 'आहे', 'थोडी', 'संपली' हे तीनच शब्द ठेवा आणि डेटा व्हॅलिडेशनने त्यांची ड्रॉपडाउन यादी करा. ४२,००० रोपे शिल्लक असे लिहिले की गिऱ्हाईक भाव पाडून मागते, शेजारच्या रोपवाटिकेलाही तुमचा माल कळतो, आणि दुपारी एक गाडी भरली की आकडा खोटा ठरतो. 'थोडी' हा शब्द संध्याकाळपर्यंत खरा राहतो.

मग फाइल मेनूतून शेअर, तिथे 'पब्लिश टू वेब', त्यात अख्खी फाइल न निवडता फक्त तो एक टॅब, आणि प्रकार सीएसव्ही, म्हणजे रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेला साधा मजकूर. मिळालेला दुवा साइटवाल्याला द्या. शीटमध्ये बदल केला की साइटवर दिसायला साधारण पाच मिनिटे लागतात. लगेच दिसले नाही म्हणून पुन्हा पुन्हा बदलत बसू नका.

एक कडक सूचना. प्रकाशित केलेली शीट जगाला उघडी असते. बुकिंग करणाऱ्यांची नावे, फोन, बाकी उधारी यातले काहीही त्या फाइलमध्ये नको, दुसऱ्या टॅबवरसुद्धा नको. ती वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. गिऱ्हाइकांची माहिती सांभाळण्याची जबाबदारी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे, पण कायदा नसता तरी कोणाची उधारी चव्हाट्यावर आली तर गावात तोंड दाखवता येत नाही.

हा तक्ता कुठे कुठे मोडतो तेही आधीच ऐकून ठेवा. सगळ्यात जास्त घोटाळा तारखेचा होतो. शीटची सेटिंग अमेरिकेची असेल तर ५/७ म्हणजे ५ जुलै न होता ७ मे होतो, आणि तुमची ढोबळी पेरण्याआधीच तयार दिसते. फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये 'लोकेल' भारत करा आणि पेरणीच्या रकान्यात तारीख कॅलेंडरमधून निवडा. दुसरा घोटाळा अंकांचा. मराठी कीबोर्डवरून '२५' लिहिले तर आपल्याला तो आकडा वाटतो, पण साइटचा कोड त्याला आकडा मानत नाही आणि बेरीज कोलमडते. शीटमध्ये आकडे इंग्रजी अंकांत लिहा; साइटवर दाखवताना ते मराठीत करायचे काम कोडचे. तिसरा घोटाळा, कोणीतरी मधे नवा रकाना घालते आणि भावाच्या जागी दिवस दिसू लागतात : "टोमॅटो, भाव २५ रुपये". रकाने क्रमाने न वाचता शीर्षकाच्या नावाने वाचायला सांगा आणि शीर्षकाची ओळ 'प्रोटेक्ट' करून कुलूपबंद करा. वाणाच्या नावापुढे कोणी स्वल्पविराम देऊन टीप लिहिली की कच्चा कोड तिथेच ओळीचे दोन तुकडे पाडतो. साइटवाल्याकडून काम ताब्यात घेताना मुद्दाम एका रकान्यात स्वल्पविराम घालून बघा. तक्ता सरकला तर काम अर्धवट आहे.

आणि शिळेपणावरचा उपाय. शीटच्या वर एका चौकोनात 'शेवटचा बदल' म्हणून तारीख ठेवा आणि ती तक्त्यावर ठळक दाखवा. कोडमध्ये असा नियम घाला की ती तारीख सात दिवसांहून जुनी झाली तर तक्ता आपोआप झाकला जाईल आणि त्या जागी 'आजच्या उपलब्धतेसाठी फोन करा' हे वाक्य नंबरासह येईल. शीट उघडली नाही, नेट गेले, तरी तेच वाक्य. रिकामी चौकट किंवा गोल फिरणारे चाक दिसले की शेतकरी मागे फिरतो. या एका नियमासाठी हट्ट धरा. लग्नकार्यात किंवा आजारपणात आठवडाभर तुमच्याकडून बदल झाला नाही, तरी साइट खोटे बोलणार नाही.

बदल कधी करायचा याचा दिवस ठरवून टाका. सोमवार आणि गुरुवार, संध्याकाळच्या गाड्या गेल्यावर दहा मिनिटे. आधी वही, मग शीट. उलटा क्रम ठेवला की फोनवर एक भाव आणि साइटवर दुसरा होतो. तक्त्याखाली कायमची एक ओळ हवी : भाव रोपवाटिकेवरचा, गाडीभाडे वेगळे, आगाऊ बुकिंगशिवाय माल राखून ठेवला जात नाही. तुमच्याशिवाय आणखी एका माणसाला शीट बदलता आली पाहिजे, दोनच माणसांना, तिसऱ्याला नाही.

बुकिंगसाठी स्टॅटिक पानावर फॉर्म टाकला तर तो भरलेली माहिती ठेवणार कुठे, हा प्रश्न येतो, कारण मागे डेटाबेस नाही. गूगल फॉर्म चालतो. पण तुमचे गिऱ्हाईक फॉर्म भरणारे नाही, व्हॉट्सॲपवर बोलणारे आहे. प्रत्येक पिकाच्या पानावर व्हॉट्सॲपचे बटण द्या, ज्यात 'मला मिरचीची रोपे हवी आहेत, गाव : , संख्या : , तारीख : ' हा मजकूर आधीच भरलेला असेल. दुव्यात नंबर ९१ पासून सुरू करायचा, आधी अधिकचे चिन्ह किंवा शून्य नको, मधे रेघ नको; नाहीतर बटण दाबल्यावर 'नंबर चुकीचा' येते आणि ते तुम्हाला कधी कळतही नाही.

स्थिर पानांत काय लिहायचे याबद्दल थोडक्यात. सगळी पिके एका लांबलचक पानावर कोंबू नका, प्रत्येक पिकाला वेगळे पान द्या आणि पानाच्या शीर्षकात पीक आणि गाव दोन्ही येऊ द्या, कारण लोक शोधताना 'टोमॅटो रोपे पिंपळगाव' असेच शोधतात. पानावर ट्रेच्या कप्प्यांची संख्या, रोपाचे वय, माल कसा पॅक होतो, गाडीतून उतरवल्यावर सावलीत किती वेळ ठेवायचा, लागवड सकाळी की संध्याकाळी. हेच प्रश्न फोनवर येतात ना, तेच उत्तरासह लिहा. फोनने काढलेला फोटो तीन-चार एमबीचा असतो. तो १,२०० पिक्सेल रुंदीचा करून वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात ठेवला की बहुधा दोनशे केबीच्या आत येतो.

एक गोष्ट मात्र मराठी साइटवर हमखास चुकते. तुमचे जुने दरपत्रक छापखान्यात श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेले असेल, तर ते कॉपी करून साइटवर चिकटवले की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना कळणाऱ्या अक्षरमांडणीत, रूपांतरित करावे लागते, आणि रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व इकार डोळ्यांनी तपासावे लागतात, कारण मोडतात ते तेच. काही जण हा त्रास टाळायला मजकुराचे चित्र करून टाकतात. दिसायला ठीक, पण गूगलला ते वाचता येईलच असे नाही आणि फोनवर अक्षर मुंगीएवढे होते. फॉन्टचे फार लाड करू नका. अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरी आधीपासून असते.

आता भाच्याचे वर्डप्रेस. मुलाची इच्छा चांगली आहे, ती मोडू नका. वर्डप्रेस सॉफ्टवेअर खरोखरच फुकट आहे, २००३ पासून चालत आलेले आहे आणि ते जाणणारी माणसे नाशिकात सहज मिळतात. फुकट नसते ते होस्टिंग (साइट ठेवायची जागा), नाव आणि त्याहून मोठे म्हणजे लक्ष. वर्डप्रेस साइटमध्ये चोर शिरतो तो बहुतेक वेळा जुन्या प्लगइनच्या किंवा थीमच्या भोकातून. पैसे वाचवायला कुठून तरी उतरवलेली 'मोफत प्रीमियम' थीम टाकली, तर चोराला आपणच किल्ली दिली. शिरल्यावर साइट बंद पडेलच असे नाही. वरून सगळे ठीक दिसते, पण गूगलमध्ये तुमच्या नावाखाली जपानी अक्षरांतली शेकडो पाने येऊ लागतात. भाचा परीक्षेला बसला असेल, नोकरीला पुण्याला गेला असेल, तेव्हा दर आठवड्याचे अपडेट कोण करणार? याचे उत्तर तुमच्याकडे असेल तरच वर्डप्रेस घ्या.

घेतलेच तर एवढे पाळा. प्लगइन दहाच्या आत. पीएचपीची आवृत्ती होस्टिंगच्या पॅनेलमध्ये बघा, ७.४ किंवा त्याआधीची असेल तर तिला २८ नोव्हेंबर २०२२ नंतर सुरक्षेची दुरुस्ती मिळणे थांबले आहे. तुमच्यासाठी खाते 'एडिटर' दर्जाचे काढा, 'ॲडमिनिस्ट्रेटर' नको, म्हणजे चुकून प्लगइन उडवले जाणार नाही. बॅकअप म्हणजे फाइली आणि डेटाबेस दोन्ही. नुसत्या फाइली ठेवल्या तर फोटो वाचतात आणि मजकूर जातो. साइट एका होस्टिंगवरून दुसऱ्यावर नेताना सगळे मराठी '????' झाले तर समजा डेटाबेसची अक्षरमांडणी लॅटिन ठेवली गेली. नव्या डेटाबेसला देवनागरी पेलणारी यूटीएफ-८-एमबी-४ ही मांडणी ठेवून बॅकअप पुन्हा चढवायला सांगा. जुना बॅकअप नसेल तर ती प्रश्नचिन्हे परत अक्षरे होत नाहीत.

वर्डप्रेसवर मराठी शीर्षकाची आणखी एक गंमत आहे. पानाचा पत्ता वर्डप्रेस शीर्षकावरून बनवते, आणि पत्त्यात प्रत्येक देवनागरी चिन्ह नऊ अक्षरांचे होते. पत्त्याला जागा २०० अक्षरांची. म्हणजे काना-मात्रा धरून बावीस चिन्हांनंतर पत्ता कापला जातो. 'टोमॅटो रोपांची लागवडीनंतरची काळजी' याचा पत्ता मधेच तुटतो आणि व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्केचिन्हांची माळ दिसते. पानाचा पत्ता हाताने रोमन अक्षरांत, छोटा लिहा, आणि तोही प्रकाशित करण्यापूर्वी. नंतर बदलला की आधी वाटलेले दुवे मेलेच.

वर्डप्रेसवर भाव बदलला आणि तरी जुनाच दिसतो, ही तक्रारही येणारच. साइट जलद करायला कॅशिंगचे प्लगइन तयार झालेले पान साठवून ठेवते आणि तेच पुन्हा पुन्हा देते. म्हणजे डायनॅमिक साइटही वेगासाठी शेवटी स्टॅटिकच होते! अशा वेळी 'पर्ज कॅश' दाबायचे. आपल्या फोनवर लॉग-इन असताना नवा भाव दिसतो आणि गिऱ्हाइकाला जुना, म्हणून तपासणी नेहमी दुसऱ्याच्या फोनवर करायची.

४५,००० च्या साइटबद्दल आमची शंका वेगळी आहे. त्यांचे 'स्वतःचे ॲडमिन पॅनेल' फक्त त्यांनाच कळते. तुमचा जुना अनुभव, करणाऱ्याने फोन न उचलण्याचा, इथे पुन्हा झाला तर वर्डप्रेसला दुसरा मिस्त्री मिळेल, या पॅनेलला मिळणार नाही. त्यांना दोन प्रश्न विचारा : सोर्स कोड (साइटचा मूळ प्रोग्राम) आणि डेटाबेसची प्रत करार संपल्यावर मिळेल का, आणि ९,००० च्या देखभालीत नेमके काय करणार, दर महिन्याला काय अपडेट होणार, बॅकअप कुठे राहणार? उत्तर 'सगळं बघतो आम्ही' असे आले तर राहू द्या. आणि एसएसएलचे २,००० तर देऊच नका. आपोआप नूतनीकरण होणारे प्रमाणपत्र बहुतेक होस्टिंगवर मोफत मिळते.

डायनॅमिक साइटची खरी गरज कधी लागते तेही सांगायला हवे, नाहीतर आम्ही तिच्यावर खार खाऊन आहोत असे वाटेल. शेतकऱ्याने साइटवरच आगाऊ रक्कम भरावी आणि त्याच क्षणी शिल्लक घटावी, असे हवे असेल तर शीट पुरत नाही. शेवटची ५,००० रोपे एकाच मिनिटाला दिंडोरीच्या आणि कळवणच्या माणसाने मागितली, तर दोघांपैकी एकालाच ती जायला हवीत, आणि हा निवाडा डेटाबेसच करू शकतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला लॉग-इन करून स्वतःचे जुने बुकिंग बघता यावे, दोन-तीन रोपवाटिकांचा माल एकत्र दिसावा, असे झाले की तेव्हा खर्च करा. आज हा निवाडा तुम्ही फोनवर करता आणि चांगला करता.

स्टॅटिक साइट ठेवायची कुठे? क्लाउडफ्लेअर पेजेस या होस्टिंग सेवेच्या मोफत योजनेत एक फाइल २५ एमबीपर्यंत आणि महिन्याला ५०० वेळा साइट नव्याने चढवता येते; तुम्हाला वर्षात पाच-सहा वेळाही लागणार नाही, कारण भाव तर शीटमधून येतो. गिटहब पेजेसही मोफत आहे, पण व्यवसायाच्या साइटसाठी मोफत होस्टिंग म्हणून ते वापरायला त्यांच्या अटी परवानगी देत नाहीत, म्हणून तिकडे जाऊ नका. कोणतेही घ्या, खाते रोपवाटिकेच्या जीमेलवरून उघडायचे आणि साइटवाल्याला सहकारी म्हणून जोडायचे.

यजमानांच्या लासलगावच्या भावाबद्दल. कांद्याचा भाव बाजार समितीत किमान, कमाल आणि सर्वसाधारण असा तीन आकड्यांत, क्विंटलवर निघतो, सुट्टीच्या दिवशी निघत नाही, आणि सकाळ-दुपारच्या सत्रात हलतो. तुमच्या साइटवर तो 'लाइव्ह' दाखवायचा म्हणजे दुसऱ्याच्या आकड्यांची हमी आपण घ्यायची. सरकारी डेटा पोर्टलवरून रोजचे बाजारभाव किल्ली (परवानगीचा सांकेतिक शब्द) घेऊन मागवता येतात, पण ती किल्ली स्टॅटिक पानात लिहिली की कोणालाही दिसते, आणि त्या बाजूने आकडा उशिरा आला तर शिव्या तुम्हाला. शिवाय तुमच्याकडे येणारा माणूस टोमॅटो-मिरची लावणारा आहे. त्याचा डोळा कांद्यापेक्षा पिंपळगावच्या टोमॅटोच्या लिलावावर. पणन मंडळाच्या बाजारभावाच्या पानाचा एक दुवा द्या. यजमानांचे मन राखले जाईल आणि जोखीम शून्य.

राहिले जुने नाव. कोणत्याही डोमेन नोंदणीच्या साइटवर 'हू-इज' शोध घेतला की ते नाव कधी नोंदले आणि मुदत कधी संपते हे कळते. तुमचे प्रकरण बहुधा असे झाले : नाव करणाऱ्याने स्वतःच्या खात्यात घेतले, नूतनीकरण केले नाही, आणि मुदत संपल्यावर ते दुसऱ्याने उचलले. डॉट कॉम नावाला मुदत संपल्यावर काही दिवसांची सवलत, मग ३० दिवस दंड भरून सोडवण्याची संधी आणि शेवटी पाच दिवसांनी ते सगळ्यांना खुले होते. जुगाराच्या जाहिराती येतात म्हणजे हे सगळे टप्पे उलटून गेले. ते परत विकत घेण्याच्या मागे लागू नका, सांगतील ती किंमत मोजावी लागेल. मात्र जुना पत्ता जिथे जिथे आहे तिथून काढा : गूगलवरची रोपवाटिकेची नोंद, फेसबुक पान, गाडीच्या मागचा बोर्ड, व्हॉट्सॲप बिझनेसचे प्रोफाइल. आज तुमचे गिऱ्हाईक तुमच्याच बोर्डावरून जुगारावर जाते आहे.

नवे नाव डॉट इन घ्या, छोटे, फोनवर सांगता येईल असे. 'श्री' किंवा 'कृषी' रोमनमध्ये लिहायच्या दोन-दोन रीती असतात, असा शब्द टाळा. नोंदणी तुमच्या किंवा यजमानांच्या नावाने, रोपवाटिकेच्या जीमेलवर, पैसे तुमच्या खात्यातून, आणि सोय असेल तर एकदम तीन-पाच वर्षांची. साइटवाल्याला पासवर्ड द्यायची गरज नाही. सर्व्हरचा पत्ता बदलायचा असेल तेव्हा त्याला समोर बसवून तुमच्या फोनवर बदलून घ्या.

पावती पुस्तकाची आणि पिशव्यांची ऑर्डर हे नाव हातात आल्यानंतरच द्या. पिशवीवरचा क्यूआर कोड थेट तुमच्या नावावर नेणारा हवा. 'डायनॅमिक क्यूआर' देणाऱ्या साइटवर फुकट बनवलेला कोड त्यांच्या पत्त्यावरून फिरून येतो, आणि त्यांची मोफत मुदत संपली की हजारो छापील पिशव्यांवरचा चौकोन मुका होतो. छापखान्याकडून आलेला नमुना कागदावर काढून दोन वेगळ्या फोनने, एकदा शेडनेटच्या सावलीत आणि एकदा उन्हात, स्कॅन करून बघा. चौकोन दोन सेंटिमीटरहून लहान नको, भोवती पांढरी जागा राखलेली हवी, आणि त्याच्या खाली तुमचा फोन नंबर ठळक अक्षरात.